आठ वॉटांना शोभतील असे स्पीकर

एका जंगलात, म्हणजे जंगलच असावं ते. सांगणाऱ्याला हल्ली नीट आठवत नाही, कदाचित झाडं बरीच असलेली एखादी कॉलनीही असेल, पण मुलांनो, तुम्ही आपलं जंगलच धरा, एक खवल्या मांजर राहत होतं.

त्याचं नाव डॉक्टर खवले. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, वारुळांवर प्रबंध लिहिलेले. ते इतके शिकले होते की कशालाही ‘हो’ म्हणण्याआधी त्यांना त्या गोष्टीची दुसरी बाजू दिसे. दुसरी बाजू दिसली की ते अंगाचा चेंडू करून घेत आणि शंका फिटेपर्यंत उलगडत नसत.

त्यांच्या पत्नीचं नाव कुमुदताई. कुमुदताईंची धाकटी बहीण बिंबा गात असे. खवल्या मांजरांत गाणारी ती एकटीच. त्यामुळे ती चांगली गाते की वाईट, हे सांगायला कोणी पात्रच नव्हतं. तिची एक रेकॉर्ड निघाली. ती रेकॉर्ड घरी पोचली आणि मागोमाग बिंबा गेल्याचा निरोप पोचला.

रडून झाल्यावर कुमुदताई म्हणाल्या, “अहो, लावा ना ती.”

“लावणार तर! पण कशावर?” डॉक्टर म्हणाले.

प्रश्न खरा होता. डॉक्टरांकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. त्यातले काचेचे दिवे पेटत, खोलीभर नारिंगी उजेड पडे, आणि एवढा थाट करून बाहेर आठ वॉट पडत. आवाज गोड, पण अंगात जोर नाही. अशा ॲम्प्लिफायरला फुंकर घातली तरी हलेल असा स्पीकर लागतो. डॉक्टरांना तर स्पीकर हवे होते पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे छोटे, आणि छोटे स्पीकर बहुधा फुंकरीला दाद देत नाहीत. म्हणजे प्रश्न अवघड होता. डॉक्टरांना अवघड प्रश्न फार आवडत.

“स्वयंपाकघरातल्या रेडिओचा स्पीकर जोडा की,” कुमुदताई म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेंडू झाला.

जंगलात एक श्रवण मंडळ होतं. गवाअण्णा त्याचे अध्यक्ष. जमीन हादरली तरच ते आवाजाला आवाज म्हणत. वाघळेकाका चिटणीस. ते वटवाघूळ असल्यामुळे त्यांना फक्त इतरांना ऐकू न येणारे सूर आवडत. दोघं डॉक्टरांच्या घरी आले आणि मंडळाचे नियम सांगू लागले.

“पहिला आलाप झाला की सुई उचलायची,” वाघळेकाका छताला लटकत म्हणाले. “स्पीकरची परीक्षा तेवढ्यात होते. पुढे असतं ते नुसतं गाणं.”

“आणि घरच्यांनी बसायचं नाही,” गवाअण्णा म्हणाले. “घरच्यांना गहिवर येतो. गहिवर आला की खर्ज कळत नाही.”

कुमुदताई चहा देऊन आत गेल्या.

सुतारपक्ष्याने पहिली जोडी करून आणली. दिसायला देखणी. पण आठ वॉटांत ती तोंड उघडेना. बिंबा रजईच्या आतून गातेय असं वाटलं. दुसरी जोडी खणखणीत निघाली, पण बिंबाला पडसं झालं. तिसरी चार ओहमची होती. तिला वीज पुरवता पुरवता ॲम्प्लिफायर एवढा तापला की सगळे बाहेर जाऊन उभे राहिले.

“यात खर्जाला बूडच नाही,” गवाअण्णा म्हणाले.

“अण्णा, एकदा कानाने ऐकून बघा. खुरांना आराम द्या,” वाघळेकाका म्हणाले.

“तुम्ही आधी सुलटे बसा, मग मला शिकवा!”

बैठक छान रंगली. सुई मात्र आलापावरच उचलली.

“भिंतीपलीकडून सुरुवात ऐकू येते,” कुमुदताई त्या दिवशी म्हणाल्या. “मी पुढचं ऐकायला थांबते, तर तुमचं भांडणच येतं.”

“चर्चा, अगं, चर्चा.”

पुढे कुमुदताईंना दूध उतू गेलेलं ऐकू येईना. वैद्य कासवांनी तपासलं आणि डॉक्टरांना बाजूला घेतलं.

“कान उतरताहेत. उपाय नाही. त्यांना जे ऐकवायचं असेल ते आत्ताच ऐकवा.”

डॉक्टर हादरले. मग त्यांना दुसरी बाजू दिसली.

“म्हणजे तिला मोजकंच ऐकता येणार,” ते म्हणाले. “मग ते चुकीच्या स्पीकरवर ऐकवून कसं चालेल? आता तर जास्तच जपून निवडायला हवं.”

वैद्यबुवा कासव असूनही घाईने निघून गेले.

डॉक्टर जपून निवडू लागले. स्पीकर भिंतीपासून दूर सरकवले, जवळ आणले. खाली सागाची फळी घातली, मग शिसवीची. जोड्या आल्या, जोड्या गेल्या. “अगं, अजून थोडं थांबशील ना?” असं ते अधूनमधून आतल्या खोलीत विचारत. हल्ली आतून उत्तर येत नसे. बायको किती समजूतदार आहे, या विचाराने त्यांना भरून येई.

आणि एका दुपारी नवल घडलं. सुतारपक्ष्याने आणलेल्या जोडीवर आलाप सुरू झाला आणि जमीन हळूच थरथरली. वाघळेकाकांना त्यांचे सूरही मिळाले. दोघांचं एकमत झालं, आणि त्या धक्क्याने दोघंही गप्प बसले.

“कुमुद!” डॉक्टर धावत आत गेले आणि त्यांनी कुमुदताईंना हात धरून बाहेर आणलं. मंडळाने नियम शिथिल केला. कुमुदताईंनी पदर सारखा केला. अगदी मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर त्या बसल्या.

डॉक्टरांनी सुई टेकवली. व्हॉल्व्ह उजळले. बिंबा खोलीत येऊन उभी राहिली. तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. गवाअण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

कुमुदताई हसऱ्या चेहऱ्याने नवऱ्याकडे बघत होत्या.

“सुरू झालं की मला सांगा हं,” त्या म्हणाल्या.

कोणीच काही बोललं नाही. आलाप संपला. डॉक्टरांनी सवयीने सुई उचलली.

“एवढी शांतता पाहिली कधी?” शेवटी गवाअण्णा डोळे पुसत म्हणाले. “स्पीकरला याहून मोठी दाद नाही.”

डॉक्टरांचा चेंडू झाला. तो उलगडायची वाट बघत कुमुदताई खुर्चीवर बसून राहिल्या.

तात्पर्य: योग्य स्पीकर मिळेपर्यंत आवडतं गाणं मुळीच लावू नये. गाणं कुठे पळून जात नाही. हे कोणी उगाच म्हणत नाही. पुष्कळ वर्षांनी, कुमुदताईंच्या मागे, डॉक्टर खवल्यांनी सुई न उचलता ते पडताळून पाहिलं. गाणं होतं तिथेच होतं. ते संपतं, तंबोरा थांबतो, आणि बिंबा विचारते, “कुमुअक्का, ऐकलंस ना गं?”