गांजाच्या नावांवर हरकत घेणाऱ्या वर्षाताई

वर्षाताईंनी जन्मात सुपारीचं खांड चघळलं नाही, पण गांजाच्या जातींची नावं त्यांना रामरक्षेसारखी पाठ. इथं डब्लिनमध्ये, क्लोनडॉकिनला आमच्या शेजारच्या घरात त्या एकट्याच राहतात. नोकरी बॉल्सब्रिजच्या एका वकिली फर्ममध्ये, ट्रेडमार्कची. परदेशातले गांजावाले नव्या वाणाला काहीतरी चावट नाव देतात, मग एखादा चॉकलेटवाला ‘आमचं नाव ढापलं’ म्हणून बोंब मारतो. कुणाचं कुणाशी किती साम्य, ते वर्षाताई बघतात.

दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये त्यांचं ऑफिस घरी आलं आणि हे सगळं आम्हाला कुंपणावरून फुकट ऐकू यायला लागलं. "‘मंकी कस्टर्ड’ला माझी सक्त हरकत आहे!" तेही सकाळी सकाळी, कपडे वाळत घालताना! पलीकडच्या म्हाताऱ्या शॉननं एकदा मोठ्या आशेनं विचारलं, नमुना वगैरे मिळतो का. "आमच्याकडे फक्त नावं असतात, माल नसतो," बाईंनी त्याला ठणकावलं. नाशिकच्या नातेवाइकांना मात्र त्या ‘औषधी वनस्पतीत’ आहेत एवढंच ठाऊक.

बरं, हे ऑफिसपुरतं राहील तर शपथ! माझ्या बायकोनं, नीतानं, घरगुती चिवडा विकायला काढला, ‘खमंग चिवडा’ नावानं. बाई दारातूनच, "हे नुसतं वर्णन झालं. नोंदणी मिळणार नाही!" अहो, आधी चाखा तरी! आमच्या मुलानं कुत्र्याला एका बिस्किटाचं नाव दिलं, तर त्यालाही समज. तो खांदे उडवून म्हणाला, "शी'ज ग्रँड, बाबा. जस्ट मॅड."

एकवीस साली नाशिकला त्यांच्या धाकट्या भावाला, मंदारला, मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. प्रवासाची सोय नाही, म्हणून बारसं लॅपटॉपवर. बाई रात्रंदिवस नावं शोधायला लागल्या. "अन्वी? गल्लोगल्ली आहेत. नामंजूर!" अखेर ‘मृण्मयी’ पक्कं झालं. आणि बारशाच्या आदल्या दिवशी मंदारचा फोन, "ताई, आम्ही ‘इरा’ ठरवलंय. तू फक्त कानात सांग."

वर्षाताई कुंपणाशी आल्या. चेहरा पार उतरलेला.

"मला मूल ना बाळ. एवढा एक मान होता रे माझा. मी उद्या हरकत घेणार."

"घ्याच," मी म्हटलं.

आमचं वायफाय दांडगं, म्हणून त्या आमच्या मागच्या अंगणात येऊन बसल्या. पैठणी, नथ, जय्यत तयारी. आम्ही दोघं अंतर राखून. पडद्यावर ते गाठोडं दिसलं आणि त्यानं मोठी जांभई दिली.

"अगं बाई, आमच्या आईचं नाक!" म्हणाल्या आणि पडद्याला नाक लावून बघतच बसल्या.

मंदार बिचकत म्हणाला, "ताई, सांगतेस ना?" त्यानं फोन बाळाच्या कानाशी धरला.

बाई लॅपटॉपवर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "इरा."

तिकडे बायकांनी ‘कुर्रर्र’चा एकच गजर केला. आता आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. वर्षाताई तशाच वाकून थांबल्या. नाशिकच्या बायका हात उगारून हसत होत्या, पण ते हात इथं पोचणार कसे? गेलं वर्षभर बाईंना कुणाचा हात लागला नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं आणि गलबलून आलं.

नीता उठली, मास्क वर केला आणि जाऊन त्यांच्या पाठीत दणकन धपाटा घातला.

"अजून घाल गं," वर्षाताई वाकूनच म्हणाल्या.