फ्लॅश बसवून झाला, साहेब!

"आत्या, तुझा असा फोटो काढतो की पापणीचा केसन् केस मोजून घे!" फोकसरावांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटून जाहीर केलं.

"मोजायचेत कुणाला?" आत्या म्हणाली.

आत्याला फक्त एक चांगला फोटो हवा होता. शनिवारी तिला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि एवढ्या आयुष्यात तिचा एकटीचा असा एकच फोटो निघाला होता, तो ओळखपत्रावरचा. त्यात ती नुकतीच कुठूनतरी पकडून आणल्यासारखी दिसायची. "मी गेल्यावर भिंतीवर जो लावाल, तो मला आत्ताच बघायचाय," ती म्हणायची. "नंतर तक्रार करायला मी थोडीच येणारेय!" आईविना वाढलेल्या फोकसरावांना याच आत्याने लहानाचं मोठं केलं होतं. त्यामुळे तिचं हे मागणं त्यांनी मनावर घेतलं, आणि इतकं घेतलं की घरच्यांना पळता भुई थोडी झाली.

फोकसराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं. एरवी हा माणूस विमा कंपनीत गपगुमान दाव्यांच्या फायली तपासायचा. पण गेल्या वर्षी त्यांनी तो मोठा, काळा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला आणि त्यांच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही. कॅमेरा घेऊन काम संपत नाही, खरं काम लेन्स निवडण्याचं असतं, हे त्यांना नंतर कळलं. पस्तीस मिलिमीटरची घ्यावी की पन्नासची? पन्नासची की पंच्याऐंशीची? सहा महिने ते रोज तुलनेचे तक्ते जुळवत बसले.

"माझ्याशी लग्न करायचं तू अर्ध्या तासात ठरवलंस!" बायको एकदा फणकारली.

"तेव्हा निवडायला एवढे पर्याय कुठे होते?" फोकसराव सहज बोलून गेले. पुढचे दोन दिवस त्यांना चहा स्वतःच्या हाताने करून प्यावा लागला.

शेवटी पंच्याऐंशीची लेन्स आली. तिच्याइतकी स्वच्छ आणि धारदार लेन्स त्या किमतीत दुसरी नाही, असं सगळे तक्ते एकमुखाने सांगत होते. आता राहिलं होतं फक्त बारीकसारीक सामान. त्याची यादी फोकसरावांनी सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवली: यूव्ही फिल्टर, फ्लॅश, एक्स्टेन्शन ट्यूब तीन, अठ्ठावन्नची कॅप. फिल्टर म्हणजे लेन्सच्या पुढची काच, ट्यूब म्हणजे मागची कडी आणि कॅप म्हणजे झाकण. शुक्रवारी जाऊन आणायचं ठरलं होतं, पण शुक्रवारी ऑफिसात तपासणी लागली आणि ती शनिवारी सकाळीही संपेना. इकडे दुपारी चारला बावीस पाहुणे येणार! फोकसरावांनी घाईघाईने घरी फोन लावला. बायको आंघोळीला गेली होती, म्हणून फोन उचलला वाढदिवसासाठी सकाळीच येऊन बसलेल्या सासरेबुवांनी.

हे सासरेबुवा आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरी गेले की आधी नळ सोडून पाण्याचा जोर बघतात आणि मग बसतात. आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. संडासात पाणी सोडायची जी टाकी असते, तिला त्यांच्या खात्यात साहेबापासून शिपायापर्यंत कुणीही 'फ्लश' म्हणत नाही. सगळे 'फ्लॅश'च म्हणतात.

"बाबा, फ्रिजवर माझी यादी आहे बघा," फोकसराव म्हणाले.

"वाचतोय. यूव्ही फिल्टर! शाब्बास जावईबापू! सहा वर्षं सांगतोय मी, या घरात यूव्ही फिल्टर हवा म्हणून!"

फोकसराव गहिवरले. सहा वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून निघालेली ही पहिली शाब्बासकी होती.

"त्याच्याशिवाय चालतच नाही, बाबा. केवढी घाण बसते!"

"आणि एकदा आत गेली की मग निस्तरत बसा. बरं, हा फ्लॅश कसला हवा?"

"दमदार हवा. पण कमी-जास्त करता आला पाहिजे. दर वेळी पूर्ण जोर नको."

"बरोबर. कामापुरता जोर. हल्ली दोन बटणांचा मिळतो."

"तोच! आणि एकदा मारला की पुन्हा भरायला किती वेळ लागतो, ते मुद्दाम विचारा. चार-पाच सेकंदांच्या वर नको."

"एवढी घाई?"

"बाबा, बावीस माणसं येणार आहेत! एक उठलं की दुसरं बसणार. प्रत्येकाच्या मागे मी मिनिटभर ताटकळत उभा राहिलो तर कसं व्हायचं?"

"खरं आहे," सासरेबुवा गंभीरपणे म्हणाले. "पण तुम्ही स्वतः कशाला उभे राहताय?"

"मग दुसरं कोण राहणार? घरात हे मलाच येतं!"

सासरेबुवांनी घाईने यादीतली पुढची वस्तू धरली. जावयाबद्दल त्यांना पहिल्यापासूनच थोडी शंका होती.

"आणि ही अठ्ठावन्नची कॅप?"

"जुनी हरवली. तोंड उघडं ठेवायची भीती वाटते. बुरशी धरते आतून."

"तोंड उघडं ठेवायचंच नसतं! तुम्ही निश्चिंत राहा."

"खाली दुकानाचा नंबर लिहिलाय."

"ते राहू द्या हो. माझ्या ओळखीचं दुकान आहे, उभा जन्म गेलाय माझा त्या दुकानात. बसवून द्यायला माणूससुद्धा पाठवतील."

सासऱ्यांच्या ओळखीचं कॅमेऱ्याचं दुकान! आणि फ्लॅश बसवून द्यायला घरपोच माणूस! फोकसरावांनी फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं, "सासरा असावा तर असा!"

अडीच वाजता फोकसराव घराच्या दारात पोचले, तर दाराबाहेर त्यांच्या संडासाची जुनी टाकी ठेवलेली. आत पाऊल टाकलं तर सगळीकडे सिमेंटची भुकटी. बायको कमरेला पदर खोचून केर काढत होती आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायची सोय नव्हती. तेवढ्यात संडासातून एक घामाघूम माणूस बाहेर आला आणि त्याने पान्हा कपाळाला लावून सलाम ठोकला.

"फ्लॅश बसवून झाला, साहेब! दाबून बघा!"

फोकसरावांनी टाकीकडे पाहिलं, पान्ह्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"दोन बटणांचा," सासरेबुवा अभिमानाने म्हणाले. "फक्त चार सेकंदांत काही भरत नाही तो. दुकानदार म्हणाला, असा फ्लॅश अजून जगात निघालेला नाही."

"बाबा! फ्लॅश म्हणजे लखकन उजेड पडतो तो! कॅमेऱ्याचा!"

"मग तसं लिहायचं! नुसतं फ्लॅश लिहिलं तर माणूस काय समजणार?"

"कॅमेऱ्याचा फ्लॅश समजणार! सगळं जग समजतं!"

"आमचं खातं नाही समजत!"

फोकसरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता तुम्हीच सांगा, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? स्पेलिंगची एक चूक नाही, यादीत खाडाखोड नाही, फोनवर बोलणं शब्दाला शब्द जुळलेलं! आणि सामान आलं ते असं. एक्स्टेन्शन ट्यूब म्हणून तीन वेगवेगळ्या लांबीचे प्लास्टिकचे पाइप, कॅप म्हणून पाइपाच्या तोंडाला लावायचं बूच, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिडकीला लागून, पाणी शुद्ध करायचा भलामोठा यूव्ही फिल्टर अर्धवट लटकलेला!

"काढा तो आधी!" फोकसराव ओरडले.

"काढायचा कसा? पाइप कापलाय, साहेब," प्लंबर शांतपणे म्हणाला. "आता हा बसेल तेव्हाच घरात पाणी येईल."

"आणि चारला बावीस माणसं येणार आहेत," बायको केरसुणी उभी धरून म्हणाली. "पाणी लागेल त्यांना. दोन्ही बटणांना!"

फोकसरावांची पंचाईत अशी, की घरात फोटोला चांगला उजेड फक्त त्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायचा. तोही साडेतीनपर्यंतच. नंतर ऊन समोरच्या इमारतीमागे जायचं. फ्लॅश नाही म्हणजे खिडकीला पर्याय नाही. आणि आत्या जांभळी शाल घेऊन, केस विंचरून, सकाळपासून तयार होऊन बसली होती.

"नसेल जमत तर राहू दे रे," ती म्हणाली. "ओळखपत्रावरचाच मोठा करून लावा."

हे ती अगदी सहज म्हणाली, पण फोकसरावांना भडभडून आलं. त्यांनी तिचा हात धरला, तिला खिडकीशी स्टुलावर बसवलं आणि समोर कॅमेरा रोखला. डोक्यावर शिडीवर प्लंबर, खाली पाइप धरून सासरेबुवा, आणि मध्ये आत्या.

"आत्या, इकडे बघ. हनुवटी जरा वर."

"पाव इंच डावीकडे," सासरेबुवा म्हणाले. आत्या डावीकडे सरकली.

"बाबा, तुम्ही बोलू नका!"

"मी त्याला सांगतोय, तिला नाही!"

अशा गोंधळातही फोकसरावांनी दहा फोटो काढले. दहाही एकदम स्पष्ट! पंच्याऐंशीच्या लेन्सने खरोखर कमाल केली होती. आता अकरावा, शेवटचा. फोकसरावांनी श्वास रोखला, आत्याच्या डोळ्यांवर नेम धरला आणि म्हणाले, "हं! आता!"

"सोडू?" प्लंबरने विचारलं.

"सोडा!" सासरेबुवा गरजले.

पाणी सुटलं. ते फिल्टरमध्ये शिरलं, फिल्टरमधून निघालं, आणि नळात न जाता ढिल्या राहिलेल्या नळीतून थेट फोकसरावांच्या तोंडावर! चष्मा, शर्ट, कॅमेरा, लेन्स, सगळं चिंब! फोकसराव दचकले आणि त्यांचं बोट बटणावर दाबलं गेलं. समोर आत्या पोट धरून हसत होती. इतकी हसत होती की बायकोने धावत येऊन स्टूल धरलं.

लेन्स वाचली. फोकसरावांनी ती मऊ सुती फडक्याने तासभर पुसली, आणि पुसताना सासऱ्यांशी एक अक्षरही बोलले नाहीत.

चारला पाहुणे आले, खाणंपिणं झालं आणि सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. फोकसरावांनी पहिला फोटो लावला आणि छाती फुगवून बाजूला उभे राहिले.

"ही कोण?" आत्याने विचारलं.

"तू, आत्या!"

"मी? एवढी म्हातारी? अरे, सुरकुत्या आहेत की खणून ठेवलेला रस्ता?"

"आत्या, याला शार्पनेस म्हणतात!"

"याला आगाऊपणा म्हणतात. पुढचा दाखव."

दुसरा, तिसरा, दहावा. प्रत्येक फोटोगणिक आत्याचा चेहरा उतरत गेला आणि फोकसरावांचाही. सहा महिन्यांची मेहनत! ते कॉम्प्युटर बंद करायला निघाले, तेवढ्यात चुकून अकरावा फोटो उघडला. सगळा धूसर. भिजलेल्या काचेतून खिडकीचा उजेड पसरलेला, कडा विरघळलेल्या, आणि मधोमध जांभळ्या शालीतली आत्या मनापासून हसणारी.

"अहाहा!" बावीस माणसं एकदम म्हणाली.

आत्या पुढे सरकली. बराच वेळ बघत राहिली. मग हलकेच म्हणाली, "ही मी. हाच लावा भिंतीवर."

"आत्या, हा बिघडलेला आहे! फोकसच नाही त्यात! एक केस धड दिसत नाही!"

"म्हणून तर," आत्या म्हणाली आणि तिने डोळे पुसले. "इतकी वर्षं मला वाटायचं, माझा फोटोच चांगला येत नाही. येतो की रे!"

फोकसरावांना आनंद झाला होता आणि त्याच वेळी त्यांचं पित्तही खवळलं होतं. तेवढ्यात मेव्हण्याने सगळ्यांदेखत विचारलं, "भावजी, फोटो जबरदस्त! कुठली लेन्स म्हणायची ही?"

अखेर कुणीतरी विचारलं! फोकसरावांनी घसा खाकरला. पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी, सगळे तक्ते जिभेच्या टोकावर आले.

"लेन्सचं काय घेऊन बसलाय!" सासरेबुवा मध्येच म्हणाले. "ही यूव्ही फिल्टरची कमाल आहे. मी स्वतः निवडलाय. या, दाखवतो."

बावीसच्या बावीस माणसं उठून स्वयंपाकघरात गेली. फिल्टर पाहून झाला, त्यातलं पाणी पिऊन झालं, ते लेन्सवर कसं उडालं हे सासरेबुवांनी रंगवून सांगून झालं, आणि मग एकेक जण खिडकीशी स्टुलावर येऊन बसू लागला. उजेड केव्हाच गेला होता, तरी फोकसरावांनी मुकाट्याने कॅमेरा उचलला. पहिल्या नंबरला मोठी वहिनी होती. तिने आत्याकडून मागून घेतलेली शाल सारखी केली, मान तिरकी केली आणि गोड आवाजात म्हणाली, "माझाही तस्साच काढा हं, भावजी. पण आधी त्या लेन्सच्या काचेवर थोडं पाणी मारून घ्या."