कळसाला लागलेलं पाणी

ओव्हरसियरने मोजायची फीत गुंडाळली आणि सांगितलं, "नदीकाठी दुकान बांधायचं तर आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या वर दोन फूट जोतं पाहिजे. तरच परवाना."

सदाशिवरावांनी मान डोलावली. लुगड्यांचे गठ्ठे बैलगाडीत घालून तीस वर्षं बाजारोबाजार हिंडता हिंडता त्यांचे गुडघे कामातून गेले होते. आता गावात पक्कं दुकान झालं नाही, तर धंदाच सोडावा लागणार होता. दोन फुटांचं काय एवढं!

मोठ्या पुराला पाणी कुठवर आलं होतं, हे साहेबाने चावडीवर विचारलं. सगळं गाव एका सुरात बोललं, "इठोबाच्या कळसाले लागलं होतं."

हा पूर नदीला कमी आणि कीर्तनात जास्त आला होता. कीर्तन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दर आषाढात ते पदरमोड करून बुवांना बोलावीत आणि बुवा उत्तररंगात त्यांच्याच आजोबांचं आख्यान लावीत. महापुरात देवळात शिरून आजोबांनी विठोबाची मूर्ती डोक्यावर घेऊन बाहेर काढली! पहिल्या वर्षी पाणी कमरेएवढं होतं. झांजा चढत गेल्या तसं तेही चढलं आणि दहाव्या वर्षी कळसाला टेकलं. दर वर्षी सर्वांत आधी डोळे पुसत ते सदाशिवरावच.

"कळस बुडाला, मग आजोबा उभे कुठे होते?" साहेबाने विचारलं.

"त्याच्याच किरपेनं उभे होते, सायेब," कीर्तनात पहिल्या रांगेत बसणाऱ्या मथुराबाई हात जोडून म्हणाल्या. साहेबाने तेही लिहून घेतलं.

कळस साडेपंधरा फुटांवर. म्हणजे जोतं साडेसतरा. पाण्याबद्दल खरं काय ते लेखी कळवा, असं कार्ड सदाशिवरावांनी बुवांना टाकलं. उत्तर आलं, "पाणी कमी केल्यास श्रोते उठून जातात. हवं तर आजोबांची उंची वाढवता येईल."

शेवटी साहेब म्हणाला, पूर डोळ्यांनी पाहिलेला एक तरी माणूस आणा. सदाशिवराव त्या वेळी पाळण्यात होते आणि तेव्हाची जाणती माणसं केव्हाच गेली होती. उरला होता एकटा डोमाजी. त्याच्या माणसांना कीर्तनाला कधी आत येऊ दिलं नव्हतं, म्हणून त्याच्या ध्यानात खराखुरा पूर राहिला होता. छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून तर तो देवळाच्या वाटेलाही जात नसे. सदाशिवराव जन्मात पहिल्यांदा त्याच्या दारी गेले. त्याने खाट टाकली.

"गुडघाभर पानी होतं," डोमाजी म्हणाला. "दहा वर्साचा होतो मी, पारावरून पाहून राह्यलो होतो. सांगतो ना सायबाले. पन सांगीन तं समदं सांगीन."

"समदं म्हन्जे काय?"

"तुमचे आजे मूर्ती घेऊन बाहीर आले ते माह्या बापाच्या खांद्यावर बसून. धोतर भिजन म्हनून. अन् एवढ्या पुरातून आल्यावरबी घरी जाऊन पुन्हा आंघोळ केली."

"उद्या चावडीवर ये," म्हणत सदाशिवराव खाटेवरून उठले.

दुसऱ्या दिवशी चावडी भरली. डोमाजीने सगळं सांगितलं, आंघोळीसकट. साहेबाने कागद सदाशिवरावांपुढे सरकवला. "तुमच्याच आजोबांची गोष्ट आहे. खरं आहे म्हणून सही करा. गुडघाभर पाणी धरतो आणि उद्या परवाना देतो."

परवाना हातभर अंतरावर होता. सदाशिवरावांनी मथुराबाईंकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. डोमाजीकडे तेवढं पाहिलं नाही.

"तो ल्हान होता, सायेब. ल्हान लेकराले काय समजते? पानी कळसालेच लागलं होतं."

त्यांनी तशी सही केली. गावाने विठ्ठलनामाचा गजर केला आणि साहेबाने अर्जावर नामंजूरचा शिक्का उठवला.

बाहेर डोमाजी चपला घालत होता. सदाशिवराव गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या उतरू लागले, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "साडेसतरा फूट लय उंच होते, सदाशिवराव. वरतं चढाले खांदा लागन. तो दुसऱ्याचा पाहाजा."