चेंडू पडला तिथूनच

कंपनीतली अकरा माणसं कमी होणार, ही बातमी शुक्रवारी फुटली आणि त्याच दिवशी साहेबांनी आवक-जावक कारकुनाला दुसऱ्या दिवशीच्या गोल्फला बोलावलं. खेळायला नव्हे, फटके मोजायला. कारकुनाला सगळे 'बिनचूक' म्हणत, आणि ते काही कौतुक नव्हतं.

संध्याकाळी तो नियमांचं पुस्तक पाठ करत बसला. बायकोने ते हातातून काढून घेतलं.

"उद्या तोंड उघडू नका. साहेब म्हणतील तो आकडा लिहा. घरात पाच तोंडं आहेत."

आठ खड्ड्यांपर्यंत बिनचूकने जिभेला कुलूप लावलं. नवव्याला, म्हणजे शेवटच्या डावाला, साहेबांचा चेंडू झाडाच्या मुळात जाऊन बसला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, बुटाच्या टोकाने चेंडू हिरवळीवर आणला आणि झकास टोला हाणला.

"पाच लिहा," चेंडू खड्ड्यात गेल्यावर ते म्हणाले.

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच अडली.

"काय झालं हो?" साहेबांसोबत खेळणाऱ्या पाहुण्यांनी विचारलं. ते कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

"सात," बिनचूक म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "चेंडू पडला तिथूनच मारायचा असतो. सरकवून मारला की दोन फटके दंड."

साहेब एका फटक्याने हरले. परतताना गाडीत बिनचूकने मनातल्या मनात राजीनामा लिहिला आणि त्याचं शुद्धलेखनही तपासलं.

सोमवारी साहेबांचं बोलावणं आलं. साहेब हसत होते.

"पाहुणे जाम खूश आहेत. असा माणूस जिथे आहे, तिथूनच माल घेणार म्हणाले. तुमची नोकरी पक्की." मग त्यांनी अकरा पाकिटं पुढे सरकवली. "ही तुम्हीच वाटा. तुम्ही दिलीत तर कुणी वाद घालणार नाही."

सगळ्यात वरच्या पाकिटावर बिनचूकच्या साडूचं नाव होतं.

साडू गोदामात खोकी मोजत होता. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"मी साहेबांना विचारून बघतो," बिनचूक पुटपुटला. "काहीतरी गफलत असेल."

"दुसऱ्या कुणी आणलं असतं, तर केबिनपर्यंत भांडत गेलो असतो," साडू शांतपणे म्हणाला. "तुम्ही आणलंय म्हणजे खरंच असणार. सही कुठे करू?"

बिनचूकने जागा दाखवली आणि उरलेली दहा पाकिटं काखेत धरून, शाई वाळेपर्यंत तिथेच उभा राहिला.