पाहाचं गवत

आमचे शेजारी सेलोकरकाका रोज सकाळी गवताचा भांग पाडतात. स्वतःच्या डोक्यावर विंचरण्यासारखं फारसं उरलेलं नाही, पण अंगणातल्या झुपक्यांतून जाड दातांचा कंगवा फिरवून वाळकी पाती काढल्याशिवाय ते चहाला तोंड लावत नाहीत.

वरठीच्या कारखान्यातून रिटायर झालेली माणसं गुलाब लावतात, जास्वंद लावतात. काकांनी नागपूरच्या नर्सरीतून गवत विकत आणलं. एक जांभळ्या पात्यांचं, एक पांढऱ्या पट्ट्यांचं, एक कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे येणारं. आमचा मुलूख धानाचा. इथे माणसाचा अर्धा जन्म बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, गवत उपटण्यात जातो. त्यामुळे येणारा-जाणारा फाटकाशी थांबून विचारायचा, "काका, हे खाते कोन?"

"कोनी नाही. पाहाचं गवत होय ते. हात नोको लावू."

शेजारणी गवती चहा समजून पाती तोडायच्या, म्हणून त्यांनी फाटकावर पाटी लावली : 'हा चहा नाही.' दुसऱ्याच दिवशी एक जण, मग कॉफी मिळते का, विचारून गेला. मी एकदा तुऱ्याला बोट लावलं, तर काका कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात सिहोऱ्याहून त्यांची थोरली बहीण, इंदाबाई, मुक्कामाला आली. सकाळी काका दूध आणायला गेले. मी दात घासत बाहेर आलो, तर शेजारचं अंगण साफ. भिंतीशी उपटलेल्या गवताचा ढीग आणि बाजूला बाई खुरपं धूत बसलेल्या.

"किती माजलं होतं पाय ना," त्या मला म्हणाल्या. "एकटा मानूस, त्याले कवा जमन?"

तेवढ्यात काका फाटकातून आत आले. मी भिंतीआड वाकलो. काकांनी ढिगाकडे पाहिलं, दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं केलं बाई," ते म्हणाले. "माह्यानं होऊनच नव्हतं राहिलं." आणि चहा टाकायला आत गेले.

दुपारी बाईंना एसटीत बसवून आले आणि एकेक झुपका उचलून पुन्हा लावायला लागले. मी खड्डे खणून देत होतो.

"काका, सांगाचं ना त्याईले."

"काय सांगू? माय गेल्यावर मले तिनंच वाढवलं. लोकाइच्या बांधीत निंदाले, गवत उपटाले जाये, मी कडेले धुऱ्यावर बसून राहो. जनमभर दुसऱ्याचंच निंदलं तिनं. आज भावाचं निंदलं, तर चुकलं म्हनू?"

गवत बहुतेक जगलं. दिवाळीनंतर तुरेही आले. परवा काका अंगणात उभे राहून फोनवर बोलत होते.

"बाई, कवा येतेस वं? गवत लय माजून राहिलं." मग पलीकडचं ऐकून म्हणाले, "खुरपं आनू नोको. मी नवं आनून ठेवलं."