मागल्या दारापर्यंत पोचणारा खटका

तात्या कीबोर्ड बघत नाहीत, ऐकतात. माझ्या दुकानात शिरले की चष्मा काढून खिशात ठेवतात, काउंटरवरच्या कीबोर्डला कान लावतात आणि एकेक बटण दाबत जातात. मुरुडला माझं झेरॉक्सचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत असतं आणि आत हा सत्तरीचा माणूस नारळातलं पाणी ऐकावं तसा कीबोर्ड ऐकत असतो. मग मान हलवून निकाल देतात, "वाजत न्हाय."

जे वाजत नाही त्यावर तात्यांचा विश्वास नाही. नव्या चपला फटाफटा वाजल्या नाहीत म्हणून त्यांनी त्या जावयाला देऊन टाकल्या. मुलाने बिनआवाजाचा पंखा बसवून दिला, तर "फिरतोय का झोपलाय, कलाया नको?" म्हणत रोज त्याच्याखाली उभं राहून चौकशी. एसटी ज्या दिवशी खिडक्या खडखडवत येत नाही, त्या दिवशी त्यांना तिच्या ब्रेकचा संशय येतो.

तहसील कचेरीबाहेर बसून त्यांनी उभा जन्म टाइपरायटरवर लोकांचे अर्ज लिहून दिले. सातबाऱ्याचे, रेशनकार्डाचे, भावाभावांच्या बांधाचे. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, नजर गेली तेव्हापासून घरच्या पडवीतच टेबल मांडलं आणि लोक तिथे येऊ लागले. मग खाऱ्या हवेने टाइपरायटर गंजून बसला. मुलाने पनवेलहून कॉम्प्युटर पाठवला. त्याच्या कीबोर्डवर तात्यांनी पहिलं बोट टेकवलं आणि तडक माझ्याकडे आले. म्हणाले, "उकडलेल्या बटाट्यात बोट घातल्यागत लागतंय रे. मला खटका पायजे."

इथे मी शहाणपणा केला. त्यांना सांगितलं, की तात्या, असेही कीबोर्ड मिळतात ज्यात प्रत्येक बटणाखाली वेगळा खटका असतो. लाल खटका मुकाट खाली जातो. तपकिरी बोटाला जरासा अडतो, पण तोंड उघडत नाही. निळा अडतो आणि वर कट् करून बोलतोही. झालं. त्या दिवसापासून तात्या गावभर रंगांची नावं घेत हिंडू लागले.

मी आधी तपकिरी मागवला. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानांचा विचार मलाच करणं भाग होतं. तो संध्याकाळी परत आला. "बोटाला कलतंय, पन मागल्या दारी पोचत न्हाय." मग निळा मागवला, तर विकणाऱ्याने चुकून लाल धाडला. तात्यांनी एकच बटण दाबलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू तो मीच घरी बनवला होता. मीही वैतागलो. म्हटलं, अर्ज कागदावर उमटल्याशी मतलब, मागल्या दारी कोण ऐकायला बसलंय? तात्यांनी तो परत खोक्यात घातला आणि चपला वाजवत निघून गेले.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोने त्यांना एसटी स्टँडवर मुलाशी फोनवर बोलताना ऐकलं. तात्या सांगत होते, "घरात खटका न्हाय रायला. तुजी आय बेचैन हाय. खटका आल्याबिगर तिचं मन लागायचं न्हाय."

आता आमच्या हिला नवराबायकोत उडतात तेवढेच खटके ठाऊक. भांडण होत नाही म्हणून बेचैन होणारी ही कसली बाई, या काळजीनं ती केळ्यांचा फणा घेऊन काकूंची समजूत घालायला गेली. परत आली. मग सावकाश सगळं सांगितलं. काकूंना दिसत नाही हे आम्हाला माहीत होतं. पण टाइपरायटर वाजत असला की काकू मागल्या दारी निवांत असायच्या, हे माहीत नव्हतं. तो वाजतोय म्हणजे माणूस पडवीत आहे आणि ठीक आहे. तो आवाज बंद झाल्यापासून त्या सारख्या हाका मारतात, "हाय ना तुमी?" तात्या उठून आत जातात, "हाय" म्हणतात आणि पुन्हा पडवीत येऊन बसतात.

निळा आला तेव्हा मी स्वतःच घेऊन गेलो. तात्यांनी तो खोक्यातून काढून टेबलावर ठेवला आणि वायर वगैरे राहू दे म्हणाले. "तू मागं जाऊन ऐक. तिला काय सांगू नको."

मागल्या दारी काकू सुपात वाल सोलत बसल्या होत्या. पडवीतून कट् कट् सुरू झालं. माजघर, स्वयंपाकघर ओलांडून अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. काकूंचे हात थांबले आणि त्यांचा ओढलेला चेहरा बघता बघता सैल झाला. मी म्हटलं, "काकू, पोचलं की."

"पोचलं," त्या म्हणाल्या. थोडा वेळ ऐकत राहिल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अर्जाला मानूस समोर बसला ना, की हे मधी मधी थांबतात. त्याचं ऐकून घेतात, मंग लिवतात. टायपरायटर शेवटी शेवटी थांबायचाच न्हाय. लोक आता मोबाईलवर अर्ज करतात, येतंय कोन यांच्याकडं? माज्यासाटी नुसतं वाजवीत बसायचे. तू बोलू नको हां त्यांना."

त्या पुन्हा वाल सोलू लागल्या. तिथे उभं राहवेना म्हणून मी पडवीत आलो. कॉम्प्युटर बंदच होता. तात्या ताठ बसून बोटं चालवत होते.

"आयकू गेलं?"

"गेलं."

"काय म्हनली?"

"म्हणाल्या, आज कामाची फार गर्दी दिसतेय."

तात्या लाजल्यासारखे हसले. "मंग तू जा आता," म्हणाले, "मला लई काम हाय." आणि पुन्हा बोटं चालवू लागले.