आग्यावेताळाची गॅसबत्ती

आग्यावेताळाच्या हातातून आग काढण्याची जबाबदारी ज्या माणसावर होती, तो नाटकाच्या दिवशी दुपारीच तापानं फणफणून अकोल्याच्या धर्मशाळेत आडवा झाला. त्याच्या अंगावर पोळी भाजून निघाली असती, पण ती आग रंगमंचाच्या उपयोगाची नव्हती.

अमरावतीची ही हौशी मंडळी अकोल्यात पहिल्यांदाच नाटक करणार होती. अमरावतीचं नाटक अकोल्यात दुसऱ्या अंकापुढे टिकत नाही, अशी ख्याती होती, आणि ती ख्याती टिकावी म्हणून अकोलेकर तिकीट काढून येत. नाटक गुप्तहेरी होतं. मालकानं जिनिंगच्या आगीत कोंडून मारलेला एक मुनीम आग्यावेताळ होऊन परततो, वऱ्हाडातल्या एकेका जिनवाल्याच्या कापसाच्या गंज्या पेटवून सूड घेतो, आणि शेवटी डिटेक्टिव धुरंधर मंतरलेलं पाणी शिंपडून त्याला ठार करतो. नाटक केशवराव वकिलांनी लिहिलं होतं. त्यामुळे धुरंधर तेच होते आणि शेवटी जिंकतही तेच होते.

आग्यावेताळ होता शेषराव. तो अमरावतीच्या बाजारात संत्री विकायचा आणि भाव इतक्या हळू सांगायचा, की गिऱ्हाइकाला माल चोरीचा वाटे. मंडळींनी त्याला आजवर भालदार, प्रेत आणि एकदा वडाचं झाड एवढीच कामं दिली होती. मूळच्या वेताळाची नागपूरला बदली झाली म्हणून शेषरावाला तोंड उघडायची संधी मिळाली, आणि ती मिळाली नेमकी सासुरवाडीच्या गावात. त्याचे सासरे जानराव अकोल्यात सरकीचे व्यापारी होते. चार लोकांत ते जावयाची ओळख 'आमचं थंडगार' अशी करून देत.

पडद्यामागे शेषरावाच्या तोंडाला शेंदूर लावता लावता त्याची बायको सुभद्रा म्हणाली, "बाबा पयल्या रांगेत बसून रायले. सारे सरकीवाले संग आनले. तुमची मजा पाहाले."

"मंग?"

"मंग काई नाई. पन आज ते तुमाले हासले, त मी आखजीले माहेरी जानार नाई. यंदाबी नाई अन् पुढंबी नाई."

आखजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे चार दिवस, कडुनिंबाला बांधलेला झोका, आईच्या हातचे मांडे. सुभद्रा वर्षभर त्यावर जगे. आणि ती कुठलीही गोष्ट दोनदा बोलत नसे. शेषरावाच्या जिवाची जी आग झाली, ती त्या दिवसातली दुसरी निरुपयोगी आग.

आता राळ कोण उडवणार, हा प्रश्न होता. विंगेत पेटता टेंभा धरायचा आणि इशारा होताच त्यावर मूठभर राळ फेकायची, की हा भडका. गॅसबत्त्या भाड्यानं देणारे अब्दुल रहीम अकोल्याचेच. बत्त्या लावून ते विंगेत बसलेच होते. केशवरावांनी राळेची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, "टेंभ्यावर टाकली का भडकते," एवढं सांगितलं आणि, "इशारा काय तो हा सांगेल," म्हणून ते मिशी चिकटवायला निघून गेले.

शेषरावानं सगळं नीट समजावून सांगितलं. पण त्याच्या नेहमीच्या आवाजात, आणि बाहेर तबला जुळत असताना. रहीमचाचांना ऐकू आलं ते एवढंच, "मी 'वाढव' म्हनलं का…"

"समज गया, भाऊ," चाचा म्हणाले. "बढाव बोले की बढाता. बेफिकर रहो."

पहिला अंक उत्तम झाला. त्यात शेषराव नव्हता.

दुसऱ्या अंकात आग्यावेताळ जटा सोडून आला, छाती काढून उभा राहिला आणि आयुष्यात प्रथमच मोठ्यानं म्हणाला, "हे ज्वाळे, वाढव तुझं रूप, वाढव."

उजवीकडच्या गॅसबत्तीनं लांब सुस्कारा सोडला आणि ती गेली.

वऱ्हाडात भल्या घरी दिवा कोणी विझवत नाही, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. फुटलेली बांगडीसुद्धा वाढते. रहीमचाचांच्या घरीही चिराग कधी बुझत नसे, बढत असे. शिवाय वेळ रात्रीची. एवढा आग्यावेताळ, पण बोलला घरंदाज, म्हणून चाचांना जरा आदरच वाटला होता.

शेषरावाला वाटलं, आवाज पोचला नाही. तो आणखी जोर लावून ओरडला, "वाढव म्हणतो ना. वाढव."

डावी बत्तीही गेली.

"अबे, अमरावतीचं घासलेट सरलं काय?" अंधारातून कोणीतरी विचारलं.

"वेताळबुवा, काडीपेटी देऊ का?"

विंगेतून चाचांचा दुखावलेला आवाज आला, "बढाव बोले, बढा दिया. अब और क्या बढाऊँ?"

तेव्हा कुठे शेषरावाच्या डोक्यात उजेड पडला. बाकी सगळीकडे अंधार होता, आणि त्या अंधारात पहिल्या रांगेत जानरावांनी घसा साफ केला. हसण्याआधी ते नेहमी तसंच करत.

इतक्यात केशवरावांचा प्रवेश झाला. रंगमंचावर आग नव्हती, पण पुढचं वाक्य कागदावर होतं, आणि वकील कागदाबाहेर जात नाही. ते गरजले, "विझ, पापी आगी, विझ."

रात्रीच्या वेळी असं अभद्र बोलणं ऐकून चाचा घाबरले. बत्ती गेली म्हणून साहेब चिडले असणार. बत्ती पुन्हा पेटवायची तर स्पिरिट, पंप, हजार भानगडी. त्यांनी पत्र्याच्या आडोशाला पेटत ठेवलेला टेंभा उचलला आणि पिशवीतली ओंजळभर राळ त्यावर टाकली.

पिवळाधमक भडका आढ्यापर्यंत गेला. डिटेक्टिवच्या हॅटची कड सोनेरी झाली, मग काळी झाली. केशवराव दोन पावलं मागे सरले. हे नाटकात नव्हतं.

शेषरावानं एकदा विंगेकडे पाहिलं, एकदा हॅटकडे. आणि नाटकातली पुस्तकी भाषा सोडून तो घरच्या बोलीत उतरला.

"म्हन ना, धुरंधरा. पुन्ना म्हन विझ."

केशवरावांनी हॅटची जळकी कड चाचपली.

"तू विझ म्हनतं अन् माही आग भडकते. मी जिनात कोंडलेलो होतो, तवाबी तू भाईर उभा राहून विझवा विझवाच करून रायला होता. दाराची कडी काहून नाई काढली?"

मागच्या बाकांवर जिनातले हमाल आणि रेजा, म्हणजे मजूर बाया, बसल्या होत्या. तिथली कुजबुज थांबली.

"वाढव," शेषराव हलकेच म्हणाला. चाचांनी टेंभ्यावर पत्रा धरला. आग नाहीशी झाली. मग मागून एक हमाल ओरडला, "विझ." भडका. सगळा मांडव ओरडला, "विझ." त्याहून मोठा भडका. रहीमचाचांचा हात आता बसला होता. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नाटकांवर उजेड पाडला होता; आज पहिल्यांदा लोक त्यांच्या कामाला शिट्ट्या मारत होते.

केशवराव आग्यावेताळाच्या कानाशी लागले. "शेषराव, आता मर ना बाप्पा. मी पानी शिंपडतो." आणि त्यांनी मंतरलेला लोटा उचलला.

पहिल्या रांगेत जानराव उभे राहिले.

"ओ डिटेक्टिव. लोटा खाली ठेवा."

"काहून?"

"माहा जावई हाये थो."

"अहो जानराव, हे नाटक आहे. शेवटी तो मरतो, असंच लिहिलेलं आहे."

"मंग खोडा. अकोल्यात येऊन अकोल्याच्या जावयाले मारता?"

हा मुद्दा कोणाच्याच लक्षात आला नव्हता. अकोलेकर आले होते अमरावतीचं नाटक पाडायला. पण एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई, आणि त्याच्या अंगावर अमरावतीचा वकील पाणी टाकणार? सरकीवाले उठले. त्यांच्या मागे हमाल उठले. "जावयाले हात लावून त पाहा," असं बायकांच्या बाजूनंही ऐकू आलं.

केशवराव जात्याच वकील. समोरचा पक्ष मोठा दिसला की ते तडजोड करत. त्यांनी लोटा ठेवला, घसा खाकरला आणि जाहीर केलं, की पुराव्याचा फेरविचार करता खरा गुन्हेगार जिनचा मालक आहे. मालकाचं काम पहिल्या अंकात संपलं होतं. तो मिशी काढून पडद्यामागे चिवडा खात होता. त्याला तसाच पुढे आणून बेड्या घातल्या. बत्त्या पुन्हा लागल्या आणि तिसरा अंक झाला. लोकांनी बेड्यांचा प्रवेश पुन्हा करायला लावला, आणि दुसऱ्या खेपेला मालकानं चिवडा बरोबरच आणला.

पडदा पडल्यावर जानराव विंगेत आले. आपलं जरीकाठी उपरणं त्यांनी आग्यावेताळाच्या खांद्यावर घातलं. शेंदूर लागला तरी मागे घेतलं नाही.

"जावईबापू, आखजीले आठ दिवस राहाले याच. नाई म्हनू नका. साऱ्या सरकीवाल्याइच्या घरी जेवनं हायेत तुमाले."

शेषरावाचा आवाज पुन्हा मूळ जागी गेला होता. त्यानं नुसती मान हलवली.

"अन् मी, बाबा?" सुभद्रानं विचारलं.

जानरावांनी तिच्याकडे, ही कोण बरं, अशा नजरेनं पाहिलं.

"तूबी ये ना," ते म्हणाले, "जावईबापूनं आनलं त."